हौदातलं वाळूक

वरच्या वस्तीवरच्या मावशींनी पाच बिया राखेत घालून ठेवल्या नसत्या, तर आमच्या घरचं वाळूक कायमचं गेलं असतं. आणि तेही माझ्या हातून, पाण्यात बुडून. म्हणून आधी मावशींचं सांगतो, वाळकाचं मागून येईलच.

त्यांची माझी ओळख झाली ती मी त्यांचा राब विझवला तेव्हा.

मी परभणीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली, मग मिळेल ते काम करत करत लोणावळ्याला येऊन थांबलो. तुंगार्लीतल्या एका बंगल्यावर राखणदार. मालकीणबाई मुंबईला असतात, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार येतात. एरवी आम्ही तिघंच: मी, बायको आणि तेव्हा दुसरीत असलेली मुलगी. बंगल्यामागे आमची खोली आणि खोलीमागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत चार बाजा मावतील एवढी मोकळी जागा. "इथे तुम्हाला हवं ते लावा, फक्त पसारा नको," असं मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या. गावाकडचं आख्खं रान बघून मला कधी झाला नसेल एवढा आनंद त्या चार बाजांकडे बघून झाला.

माझा स्वभाव काळजीचा. गेटला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो, आणि खोलीपर्यंत पोचलो की परत येऊन चौथ्यांदा. अशा माणसाला नोकरीच्या चौथ्या दिवशी, चैत्राच्या उन्हात, मागच्या भिंतीपलीकडे धूर दिसला. डोकावून बघतो तर जमिनीचा एक चौकोनच्या चौकोन धुमसत होता. मी बागेचा पाइप ओढला, बायकोला नळ पूर्ण सोडायला सांगितलं, भिंतीवर चढलो आणि पाणी मारायला लागलो. पलीकडच्या आंब्याखालून एक वयस्कर बाई दोन्ही हात हलवत धावत आली. "आरं, आरं, आरं!"

"आलो, मावशी! घाबरू नका!" मी ओरडलो आणि धार आणखी मोठी केली.

दहा मिनिटांत सगळं गारठलं. मी घाम पुसत भिंतीवर बसलो, आता कुणीतरी शाबास म्हणेल म्हणून. मावशी कमरेवर हात ठेवून खालून माझ्याकडे बघत होत्या.

"झालं समाधान?"

"आग लागली होती ना, मावशी."

"लागली न्हवती. म्या लावली हुती."

मग समजलं. इकडे भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर पाला, काटक्या, शेणी रचून, वर माती पसरून ते सगळं भाजतात. त्याला राब म्हणतात. तणाचं बी मरतं आणि राखेवर रोप जोमानं येतं. मावशींनी तीन आठवडे पाला वेचून राब रचला होता. मी तो दहा मिनिटांत चिखल करून टाकला होता.

"कुटला रं तू?"

"परभणीकडचा."

"तितं न्हाई भाजत राब?"

"तिकडं भातच नाही, मावशी."

"भात न्हाई?" त्यांचा राग तिथंच निम्मा उतरला आणि उरलेल्या जागेत कीव आली. "मंग खाता काय, बाबा?"

पुढचे दोन दिवस मी आणि बायकोनं बंगल्याच्या बागेतला पान न् पान झाडून काढून भिंतीपलीकडे दिलं. मॅडमनी फोनवर कॅमेऱ्यातून बघून विचारलं, "एवढी स्वच्छता? काही झालंय का?" मावशींनी राब पुन्हा रचला, पुन्हा पेटवला, आणि या वेळी आधी भिंतीवरून हाक मारली, "ए फायर बिग्रेड! पेटवतेय रं! घरात बस!" तेव्हापासून माझं नाव तेच पडलं.

आता वाळूक. ज्यांनी खाल्लं नसेल त्यांना सांगतो, ते काकडीचं रानातलं भावंड. ज्वारीच्या तासात, म्हणजे दोन ओळींच्या मधे, वेल भुईवर पसरतो, दिवाळीच्या सुमारास फळ पिकून तडकतं आणि वास बांधावरून येतो. मीठ लावून खायचं, दुसरं काही करायचं नाही. आमच्या घरात ते आईच्या सासूपासून होतं. पण बाबा गेल्यावर रान दुसऱ्याला करायला दिलं, त्यानं सोयाबीन धरलं, तणनाशक मारलं, आणि वेल तणात धरला गेला. गावात शोधून कुणाकडे बी मिळेना. मी बायको-मुलीला घेऊन लोणावळ्याला निघालो तेव्हा आईनं जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेल्या एकवीस बिया माझ्या हातात ठेवल्या. "एवढंच आहे. ह्याच्यामागं काही नाही. तिकडं पाणी आहे म्हणतात, तूच लाव."

मी पुडी खिशात ठेवली आणि गाडीत बसल्यापासून पुण्यापर्यंत एक हात खिशावर ठेवून होतो. खोलीत आल्यावर रोज सकाळी बिया मोजायचो. एकवीस. मुलगी म्हणायची, "बाबा, त्या अजून उगवल्या नाहीत, पळून कशा जातील?" पण एके दिवशी मोजल्या तर सोळा. मी घर डोक्यावर घेतलं. डबे हलवले, अंथरूण झटकलं, शेवटी उंदरांवर संशय घेऊन पिंजरा लावला. बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, "उंदीरच असंल." एवढंच, आणि भाकरी उलटली.

उरलेल्या सोळा बिया मी वैशाखात लावल्या. आमच्याकडे जशा लावतात तशा. आमच्याकडे पाण्याचा थेंब वाया जाऊ नये म्हणून खोल आळं करतात. मी कोपरभर खोल आळी खणली, कडेनं मातीचे बांध घातले, बांध थापून थापून गुळगुळीत केले. अशी सोळा आळी चार बाजांच्या जागेत. मावशी भिंतीवरून बघत होत्या.

"हौद बांधतोस का रं?"

"आळी आहेत, मावशी. पाणी धरून ठेवायला."

"पानी?" त्यांनी वर आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हितं? धरून ठिवायचं?"

"आमच्याकडं असंच करतात."

"करा बाबा," त्या म्हणाल्या. "राब इजवनाऱ्याला काय सांगायचं."

सोळाच्या सोळा बिया उगवल्या. असं कधी होत नाही. मी आईला फोन करून एकेका रोपाची तब्येत सांगायचो. मुलीनं त्यांच्याजवळ कागदाच्या पाट्या खोचल्या होत्या, शाळेतल्या पुस्तकात झाडाला ऊन, पाणी, हवा लागते असं वाचून तिनं प्रत्येक पाटीवर तीन चौकटी काढल्या होत्या आणि रोज त्यांत बरोबरच्या खुणा करायची. पाणी किती लागतं ते पुस्तकात नव्हतं.

आषाढ लागला. लोणावळ्याचा पाऊस मी ऐकून होतो, पण ऐकून काय कळतं? पडायला लागला की आठ आठ दिवस तो थांबतच नाही, त्यात समोरची भिंत धुक्यात दिसेनाशी होते आणि वाळत घातलेला शर्ट चौथ्या दिवशी पहिल्यापेक्षा ओला असतो. माझे बांध पक्के होते. एक थेंब वाया गेला नाही. सोळा हौद काठोकाठ भरले.

मग आम्ही तिघं पाणी उपसायला लागलो. मी तांब्या घेऊन, बायको पातेलं घेऊन, मुलगी तिच्या शाळेच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घेऊन. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईस्तोवर पहिलं आळं परत भरलेलं. "अहो, बांध फोडून टाका की," बायको म्हणाली. मी म्हणालो, "एवढे थापलेले बांध?" दुसऱ्या दिवशी स्वतःच फोडले, तर सगळं पाणी एकदम खोलीकडे आलं. मग मी निळी ताडपत्री आणून बांबूवर ताणली. तिच्यात पाणी साचून तिचं पोट लोंबायला लागलं. शनिवारी मॅडम पाहुणे घेऊन आल्या होत्या. त्यांच्यातला एकजण छत्री घेऊन मागे आला आणि म्हणाला, "भाऊ, हे कॅम्पिंगसाठी आहे का? आम्हाला मिळेल आज?" मी काही बोलायच्या आत ताडपत्रीनंच उत्तर दिलं. पाहुण्यांना कपडे बदलावे लागले. मॅडम खूप हसल्या आणि मला काही बोलल्या नाहीत. ते मी विसरलो नाही. पण त्या रात्री ताडपत्रीखाली दबलेली नऊ रोपं गेली, आणि उरलेली सात आठवड्याभरात मुळाशी मऊ पडून एकेक करून आडवी झाली. शेवटच्या रोपाच्या पाटीवर मुलीनं पाण्याच्या चौकटीत खुणा करून करून कागद फाडला होता.

बाकीचं सगळं मात्र त्या पावसात सुखानं वाढत होतं, याचाच मला जास्त राग येत होता. मॅडमनी टाकून दिलेल्या फुटक्या वॉश बेसिनमध्ये बायकोनं पुदिना खोचला होता, तो वर वर येऊन नळाच्या भोकातूनही डोकावत होता. वाळकाच्या जागी कसलीतरी गोलसर पानांची रोपं आपोआप दाट उगवली. मी तण समजून चिडून उपटली आणि भिंतीपलीकडे फेकली. तासाभरानं भिंतीवरून एक वाटी आली. भाजी. गरम, लसूण घातलेली, लय चवीची. मी बोटं चाटत विचारलं, "कसली, मावशी?"

"टाकळा. तूच न्हाई का फेकलास मघा? तुजाच हाय, खा."

इकडे आईचा फोन रोज. "पसरलं का रे?" सगळं मेलं हे मला सांगवेना. एवढंच होतं, ह्याच्यामागं काही नव्हतं. मी म्हणालो, "पसरलं." दुसऱ्या दिवशी, "केवढं पसरलं?" माझी जीभ घसरली. "केवढं काय, मांडवावर गेलंय!"



"वाळूक? मांडवावर?"

"इकडं तशी पद्धत आहे."

"बरं," आई म्हणाली. "मग दिवाळी झाली की येतेच. मांडवावरचं वाळूक बघायचं राहिलंय माझं."

त्या दिवसापासून माझं जेवण उडालं. भाद्रपद संपत आला, पावसाचा जोर ओसरला, सोनकीच्या फुलांनी भिंतीपलीकडचा उतार पिवळा झाला, आणि मी भिंतीवर बसून दिवाळीचे दिवस मोजत होतो. मावशी भाताच्या बांधावरचं गवत कापत होत्या.

"काय फायर बिग्रेड, त्वांड का उतारलंय?"

मी सगळं सांगितलं. बिया, हौद, ताडपत्री, मांडव, आई. सांगता सांगता मी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मावशींनी विळा खाली ठेवला, पदरानं तोंड झाकलं, आणि मला वाटलं त्यांनाही रडू आलं. त्या हसत होत्या.

"आगं ए पोरी!" त्यांनी माझ्या बायकोला हाक मारली. "अजून सांगितलं न्हाईस व्हय गं ह्याला?"

बायको ओल्या हातानं बाहेर आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते उंदीर नव्हते. मीच मावशींना पाच दिल्या होत्या."

झालं होतं असं. उन्हाळ्यात मावशींनी तिला वालाचं बी दिलं होतं. पण इकडच्या बायकांत बी रिकाम्या हातानं घेत नाहीत. बी घेतलं की आपल्याकडचं काहीतरी बी द्यायचं, तेव्हाच दोन्हीकडे उगवतं असं मावशी मानतात. आमच्या घरात तेव्हा वाळकाशिवाय दुसरं बी नव्हतं. मला विचारलं असतं तर मी एक बी सुटू दिलं नसतं, म्हणून तिनं विचारलंच नाही.

"आणि मी पिंजरा लावला!" मी म्हणालो.

"बरंच झालं की," बायको म्हणाली. "दोन सापडले."

मावशींनी त्या बिया चुलीच्या राखेत घोळून, डब्यात घालून, फडताळात वर ठेवल्या होत्या. "हे कोरड्या मुलखातलं बी. पावसात टाकून काय करू? म्हनलं, आभाळ उघडू दे." दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊनच आल्या. मी पुढे होऊन पाचही बिया घ्यायला हात पसरला, तर त्यांनी तीनच ठेवल्या.

"बाकीच्या?"

"ह्या बुडवल्यास तर लागतील की. समदं बी एका टायमाला मातीत घालनारा मानूस म्या तूच बघितला."

मग त्यांनी मला खड्ड्याच्या उलटं शिकवलं. मुरूम, माती आणि राख मिसळून गुडघ्याएवढा ढीग. "पानी आलं, रामराम केला, गेलं. असं पायजे." मी ढीग करताना सवयीनं हात मधोमध खळगा करायला जायचा आणि मावशी भिंतीवरून काठीनं माझ्या हाताला टोचायच्या. तीनातल्या दोन उगवल्या. त्या दोन रोपांना मी महिनाभर हात लावला नाही, नुसता बघत बसायचो. बायको म्हणायची, नजर लागून मरतील.

दिवाळी झाल्यावर आई आली. लोणावळा स्टेशनवर ज्वारीच्या पिठाची पिशवी डोक्यावर घेऊन उतरली, खोलीत आली, पाणीसुद्धा न पिता मागे गेली. वेल ढिगावरून उतरून भुईवर पसरला होता, पिवळी फुलं होती आणि अंगठ्याएवढी चार फळं. आई खाली बसली, वितेनं वेल मोजला, आणि म्हणाली,

"दीड महिन्याचा आहे. मांडव कुठंय?"

मी ढिगावरची माती सारखी करायला लागलो.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," आई म्हणाली. "शाळा सोडलीस तेव्हा पण महिनाभर रोज दप्तर घेऊन घरातून निघायचास आणि चिंचेखाली बसायचास. घाबरलास की तू खरं सोडून लांबचं काहीतरी सांगतोस. म्हणून आले. वाळकासाठी कशाला येऊ, तुझ्यासाठी आले."

मुलीनं विचारलं, "बाबा, दप्तरात काय असायचं?" आईनंच सांगितलं. "भाकरी आणि वाळूक."

आठ दिवसांसाठी आलेली आई महिनाभर राहिली, कारण लोणावळ्याच्या थंडीत फळ पिकायचं नाव घेईना आणि त्यात माकडं आली. शेजारच्या बंगल्यातले पाहुणे त्यांना वेफर्स घालतात, त्यामुळे ती माणसाला घाबरत नाहीत. पहिल्याच दिवशी एका माकडानं फळ तोडलं, एक चावा घेतला, कडू लागलं तसं थुंकलं आणि उरलेलं आईच्या पुढ्यात टाकून दिलं. आई चोरीमुळे चिडली नाही, त्या थुंकण्यामुळे चिडली. "आमच्या वाळकाला नावं ठेवतंय!" तिथून पुढे ती बाज टाकून काठी घेऊन बसायला लागली. तरी आणखी दोन गेली. राहिलं एक. त्यावर मावशींनी लोखंडी घमेलं पालथं घालून वर दगड ठेवला. पण फळाला ऊन तर पाहिजे. म्हणून रोज दुपारी दोन तास घमेलं काढायचं आणि आई, बायको, मी असे तिघं तीन बाजूंनी काठ्या घेऊन उभे राहायचो. मुलगी शाळेतून आली की चौथी बाजू तिची. भिंतीपलीकडच्या पायवाटेनं जाणारे लोक थांबून बघायचे. एका काकडीला एवढा बंदोबस्त त्यांनी कधी बघितला नसावा.

एका सकाळी घमेलं उचललं आणि वास आला. तोच बांधावरचा. फळ देठापाशी तडकलं होतं. आईनं ते ताटात ठेवलं, मावशींना हाक मारली आणि पाच फोडी केल्या. मीठ लावून आम्ही सगळे बिया वर्तमानपत्रावर थुंकत खात होतो. थंडीतलं असल्यानं गावच्याएवढं गोड नव्हतं. तसं कुणी म्हटलं नाही. मुलगी म्हणाली, "एवढंच होतं होय?" आणि कागदावर पडलेला एक तुकडा उचलून खाल्ला.

आईनं बिया धुऊन, राखेत घोळून तीन वाटे केले. एक गावाकडे मावशीच्या, म्हणजे तिच्या बहिणीच्या, रानात लावायला. एक मला. तिसरा तिनं वस्तीवरच्या मावशींच्या हातात दिला. मावशींनी तो घेतला आणि लगेच पदराची गाठ सोडून आईला मूठभर वाल दिले. माझ्या मनात होतं की निदान बियांच्या रूपानं तरी त्यांचं थोडं फिटेल. पण त्यांच्या हातात काही ठेवलं की तो हात भरूनच परत येतो. तिथं माझं काही चालत नाही.

दोघी उन्हात बाजेवर बसल्या होत्या. मावशींनी आईला विचारलं, "तुमच्याकडं डोंगूर न्हाई म्हनतो ह्यो फायर बिग्रेड. खरं का?"

"डोंगर कशाला पाहिजे?" आई म्हणाली.

"मंग दिस मावळतो कशामागं?"

आईनं कधी असा विचार केला नव्हता. तिनं समोरच्या डोंगराकडे बघितलं. "कशामागं नाही. नुसताच मावळतो. दिसत दिसत जातो खालपर्यंत."

"जा गं," मावशी हसल्या. "मला येडी समजतीस व्हय." त्या आजवर तळेगावच्या पुढे गेलेल्या नाहीत. डोंगर नसलेला मुलूख असतो हे त्यांना पटत नाही, जसं मला सोळा हौद भरेपर्यंत इथला पाऊस पटला नव्हता.

तेव्हा मावशी, हे लिहून ठेवतो, म्हणजे मला घाबरून लांबचं काहीतरी सांगता येणार नाही. ज्या वर्षी तिकडच्या रानात वाळूक पिकेल, त्या दिवाळीला मी तुम्हाला गाडीत बसवून आमच्या गावी नेईन. तुमची तिकिटं तीनदा तपासीन, चौथ्यांदाही तपासीन. तुम्हाला बांधावर बसवीन, मीठ लावलेली फोड हातात देईन, आणि कशाच्याही मागे न जाता मावळणारा दिवस दाखवीन. तिथं तरी मला काही परत देऊ नका.